एकवीस शेळ्यांचे कागद

सोमवारी सकाळी सव्वादहाला प्रकाशकांच्या वकीलबाईंची मेल आली तेव्हा ताई खुशीत होती. तिच्या बाबतीत ही गोष्ट तशी दुर्मीळच. विमा कंपनीतली नोकरी सोडून तीन वर्षं खपून तिनं एक कॉम्प्युटर गेम बनवला होता आणि दहा दिवसांनी तो बाजारात येणार होता. एक म्हातारी बर्फ पडायच्या आत आपल्या एकवीस शेळ्या घेऊन डोंगर ओलांडते, एवढीच त्या गेमची गोष्ट. चित्रं आणि आवाज धाकट्या भावाचे, बाकी सगळी डोकेफोड ताईची. एका बऱ्यापैकी मोठ्या प्रकाशक कंपनीनं तो घेतला होता, जाहिरात झाली होती, तारीख ठरली होती. आता हातावर हात ठेवून वाट बघायची, असं ताई धरून चालली होती.

मेल अगदी गोड भाषेत होती. गेममध्ये स्वतः न केलेलं, बाहेरून आणलेलं जे जे काही असेल त्याची यादी सोबतच्या तक्त्यात भरून पाठवावी. वस्तू कोणती, मालक कोण, लायसन्सची अट काय. पुढच्या सोमवारपर्यंत तक्ता न आल्यास ठरलेली तारीख रद्द समजावी. खाली ‘आपली स्नेहांकित’.

“काय काय घेतलंय रे आपण बाहेरून?” ताईनं विचारलं.

धाकटा समोरच्या टेबलावर एका शेळीची शेपटी रंगवत होता. मान वर न करता तो म्हणाला, “फार काही नाही. सात-आठ गोष्टी असतील.”

“नक्की?”

“दहा धर.”

दहा गोष्टींचा तक्ता म्हणजे कितीसं काम! खाली गॅसवर चहा ठेवून ताई वर आली, म्हटलं चहा होईपर्यंत उरकून टाकू. चहा उकळला, उतू गेला, आटला, आणि बाबांनी जिन्याखालून “काहीतरी जळतंय गं” म्हणून हाक मारली तेव्हा यादी एकतीसवर पोचली होती. दुपारच्या जेवणाला अठ्ठावन्न झाली. संध्याकाळी पाच वाजता ताईनं शेवटचा आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. एकशे तेरा.

त्याचं असं झालं होतं. आवाज वाजवण्यासाठी ताईनं कोणीतरी आयता लिहून ठेवलेला कोड घेतला होता. त्या कोडला चालायला आणखी चौघांचा कोड लागत होता, आणि त्या चौघांना आणखी नऊ जणांचा. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि दार उघडल्यावर त्याच्यामागे त्याची सगळी आळी उभी दिसावी, तशातली गत.

“पण ताई, हे सगळं ओपन सोर्स आहे ना?” धाकटा म्हणाला. “खुलं. म्हणजे फुकट. फुकटच्या वस्तूला कसला आलाय मालक?”

“फुकट असलं तरी मालक असतो. प्रत्येकाबरोबर लायसन्सची एक फाइल येते. कोणी लिहिलंय, अटी काय, सगळं असतं त्यात. ती उघडायची आणि तक्त्यात उतरवायचं.”

धाकट्याचा ब्रश थांबला.

“त्या फाइली होय?”

“त्या फाइली होय म्हणजे?”

“नाही, ते… मागे गेमचं वजन फार झालं होतं बघ. तू म्हणालीस, फालतू फाइली काढून टाक. मग मी काढल्या.”

“कुठल्या?”

“ज्यांच्या नावात ‘लायसन्स’ होतं त्या सगळ्या. एकातही चित्र नव्हतं गं. मला वाटलं, कचरा आहे.”

ताईनं डोळे मिटून घेतले.

“किती वजन कमी झालं त्यानं?”

“शेळीच्या एका कानाएवढं,” धाकटा प्रामाणिकपणे म्हणाला.

एवढ्यात बाबा चष्मा कपाळावर चढवून दारात आले. ती खोली एके काळी आईच्या शिवणकामाची होती. आई गेल्यावर बाबांनी ती या दोघांच्या स्वाधीन केली होती आणि सहसा ते वर येत नसत. पण जळलेल्या पातेल्याचा जाब विचारायला आले आणि ‘अटी’ हा शब्द कानावर पडल्यामुळे थबकले.

बाबांची हयात कोर्टात गेली होती. वकिलांनी दाखल केलेले कागद पुरे आहेत की नाहीत हे तपासायचं त्यांचं काम. कागद अपुरा असला की वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं ‘त्रुटी पूर्ण करा’ असं लिहून ते तो परत पाठवत. चौतीस वर्षांत त्यांनी इतके कागद परत पाठवले की वकीलमंडळी त्यांना त्रुटीसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर मात्र घरात तपासण्याजोगं काही उरलं नव्हतं. औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं आणि वॉशिंग मशीनची वॉरंटी तीन-तीनदा वाचून झाली होती.

ताईनं थोडक्यात प्रकरण सांगितलं.

“एकशे तेरा करार केलेत,” बाबा सावकाश म्हणाले, “आणि एकही वाचला नाही?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. भूक होती.

मंगळवारी सकाळी आठ वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्ची घेऊन हजर झाले. ताईनं एकेक लायसन्स मूळ ठिकाणाहून शोधून काढायचं, धाकट्यानं छापायचं आणि बाबांनी वाचायचं, अशी वाटणी झाली. इंग्रजी कायद्याची भाषा बाबांना मातृभाषेसारखी येत असे. पहिला कागद त्यांनी वाचला आणि मान डोलावली.

“हा म्हणतो, काहीही करा, विका, मोडा, जोडा. फक्त माझं नाव आणि हा कागद बरोबर राहू द्या. बिघडलं तर माझ्याकडे येऊ नका. सभ्य माणूस दिसतो.”

नव्वदच्या वर मंडळी अशीच सभ्य निघाली. त्यांचं मागणं एवढंच होतं की गेमबरोबर कुठेतरी त्यांचं नाव असावं, आणि नेमकं तेवढंच धाकट्यानं पुसून टाकलं होतं.

“लोकांनी तुम्हाला घर बांधून दिलं,” बाबा म्हणाले, “आणि तुम्ही त्यांची दारावरची पाटी काढून फेकलीत.”

धाकटा खाली मान घालून छापत राहिला.

दुपारी अडचणी सुरू झाल्या. गेममधली सुबक अक्षरं फक्त घरगुती वापरासाठी आहेत, विकायच्या वस्तूत चालणार नाहीत, असं निघालं. ताईनं दुसरी अक्षरं आणली. ती अंगानं थोराड होती आणि चौकटीत मावेनात. ‘शेळी हरवली’च्या जागी ‘शेळी हर’ एवढंच दिसू लागलं आणि ‘पुढे चला’ या बटणावर ‘पुढे च’ उरलं. एकशे चाळीस चौकटी एकेक करून रुंद कराव्या लागल्या. त्या होतात न होतात तोच बाबांनी पुढचा कागद उचलून दाखवला.

“हा आवाज कसला आहे? याचा मालक म्हणतो, व्यवसायासाठी वापर नको.”

“शेळीच्या बेंबें करण्याचा,” धाकटा म्हणाला.

“किती शेळ्यांचा?”

“एकवीसही शेळ्यांचा तोच आहे.”

म्हणजे गेममधल्या सगळ्या शेळ्या एका फटक्यात मुक्या झाल्या. बुधवारी सकाळी धाकट्यानं डोक्यावरून गोधडी घेऊन माइकसमोर बेंबें केलं. ते दाढदुखीच्या माणसासारखं वाटलं. ताईनं करून पाहिलं, तर मोटारीचा हॉर्न. दोघं एकमेकांकडे बघत बसली असताना दारात बाबांनी घसा साफ केला आणि असं काही खणखणीत बेंबें केलं की शेजारचा कुत्रा भुंकत फाटकापर्यंत धावला.

“बाबा!” ताई म्हणाली. “कुठे शिकलात हे?”

“ते महत्त्वाचं नाही. घेतलंत का टिपून?”

ताईला त्या आठवड्यात पहिल्यांदाच जरा हायसं वाटलं. ते तासभर टिकलं. तासाभरानं बाबांनी एक कागद आणून तिच्यापुढे ठेवला. वर लिहिलं होतं : ‘आवाजाच्या वापराच्या अटी’. नाव इतरांएवढ्याच मोठ्या अक्षरांत यावं, ही पहिली. दुसरी अशी की लांडगा शेळीला उचलून नेतो त्या प्रसंगी हा आवाज वापरू नये, कारण सदर आवाज सुखी शेळीचा म्हणून काढण्यात आलेला आहे.

“बाबा, तुम्ही माझे वडील आहात!”

“म्हणून तर दोनच अटी घातल्या.”

तेव्हा लांडगा शेळीला नेताना आता पूर्ण शांतता असते. धाकट्याचं म्हणणं पडलं की ते आधीपेक्षा जास्त भयंकर वाटतं. ताईला काहीच वाटेनासं झालं होतं.

आणि मग बुधवारी दुपारी बाबा एकशे सहाव्या नंबरला पोचले. तो कागद त्यांनी मोठ्यानं वाचला नाही. मनातल्या मनात वाचला, परत पहिल्या पानावर गेले, परत वाचला, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसू लागले. कोर्टात बाबा चष्मा पुसायला लागले की समोरचा वकील खुर्चीचा हात धरायचा म्हणतात. ताईनं टेबलाची कड धरली.

“हे कशाचं आहे?” बाबांनी विचारलं.

ताईनं नंबर पाहिला. तो कळपाचा कोड होता. शेळ्या कळपानं चालतात कशा, एकमेकींना न धडकता वळतात कशा, मागे पडलेली धावत येऊन मिसळते कशी, ते सगळं त्या एका कोडवर होतं. गेममधून तो काढला तर डोंगर उरला असता आणि म्हातारी.

“काय म्हणतो तो?”

“म्हणतो, माझा कोड घ्या, बदला, विका, माझी ना नाही. पण तो ज्यात मिसळाल आणि लोकांच्या हातात द्याल, ती सगळीच्या सगळी वस्तू, तुमच्या स्वतःच्या कोडसकट, घेणाऱ्याला याच अटींवर खुली करून द्यायची. मी उघडं दिलं, तुम्हीही उघडं द्या.”

“म्हणजे विकायचाच नाही गेम?”

“विकायला बंदी नाही गं. झाकायला बंदी आहे.”

आणि प्रकाशकाच्या करारात स्वच्छ लिहिलं होतं की गेमचा कोड कोणालाही दाखवायचा नाही. एक कागद दाखव म्हणत होता, दुसरा लपव म्हणत होता, आणि ताई दोन्हींना बांधलेली होती. एकाला सही करून, दुसऱ्याला न वाचता.

“पण अजून कुठे विकलाय?” धाकटा म्हणाला. “अजून काहीच बिघडलेलं नाही.”

“उन्हाळ्यात तुम्ही नमुना म्हणून थोडा भाग लोकांना खेळायला दिला होता ना?”

“हो! अकरा हजार लोकांनी घेतला,” धाकटा अभिमानानं म्हणाला.

“म्हणजे अटीचा भंग अकरा हजार वेळा झालेला आहे,” बाबा म्हणाले आणि तशी टीप त्यांनी तक्त्याच्या कडेला लिहिलीसुद्धा.

ताईनं वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“तीन मार्ग आहेत, मॅडम. तो कोड काढून टाका. किंवा लिहिणाऱ्याकडून वेगळं लायसन्स आणा. किंवा तुमचा सगळा कोड खुला करा, पण मग आपला करार संपला.”

“आणि तारीख?”

“तारीख आहे तीच आहे. तक्ता सोमवारी, मॅडम.”

लिहिणाऱ्याचं पान ताईनं शोधून काढलं. नाव नव्हतं, नुसता एक पत्ता होता, आणि जवळजवळ दोन वर्षांत त्या पानाला कोणी हात लावलेला नव्हता. ताईनं पोटतिडकीनं पत्र लिहून त्या पत्त्यावर पाठवलं आणि उत्तराची आशा सोडून कळपाचा कोड स्वतः लिहायला बसली. जे काम कोणीतरी वर्षानुवर्षं केलं होतं ते तिला चार दिवसांत करायचं होतं.

गुरुवारी तिनं शेळ्यांना सांगितलं की एकमेकींच्या जवळ राहा. त्या इतक्या जवळ आल्या की एकवीस शेळ्यांची मिळून चौऱ्याऐंशी पायांची एकच शेळी झाली आणि तरंगत डोंगर चढू लागली. दुपारी तिनं सांगितलं की एकमेकींपासून जरा लांब राहा, तर त्या चौफेर उधळल्या आणि म्हातारी मधोमध एकटी उभी राहिली. शुक्रवारी दुपारपर्यंत ताईनं आकडे इतके वर-खाली केले की शेवटी सगळ्या शेळ्या एका मोठ्या दगडाकडे तोंड करून ओळीनं उभ्या राहिल्या आणि हलेचनात.

“निदान शिस्त तरी आहे,” धाकटा म्हणाला.

ताई उठली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिला विमा कंपनीतली आपली खुर्ची आठवली. तिची पाठ जरा तिरकी होती, पण महिन्याच्या महिन्याला पगार देत होती. नोकरी सोडली तेव्हा मैत्रिणींना तिनं ऐटीत सांगितलं होतं, “स्वतःचं काहीतरी करायचंय.” आता तक्ता समोर होता आणि त्यात स्वतःचं काय आहे ते शोधावं लागत होतं. अक्षरं दुसऱ्याची, आवाज वडिलांचा, शेळ्यांची चाल परक्याची. तीन वर्षं आपण काय केलं? लोकांच्या वस्तू न विचारता आणून एका खोलीत मांडल्या?

“तुझी म्हातारी आहे ना,” धाकटा चाचरत म्हणाला. “ती तर कुठूनच नाही आणली.”

“तिचा एक बूट बाहेरचा आहे,” बाबा तक्त्यातून मान वर न करता म्हणाले. “नोंद बहात्तर. डावा.”

शनिवारी सकाळी चमत्कार झाला. त्या पत्त्यावरून उत्तर आलं.

लिहिणारी एक बाई होती. समुद्रातल्या माशांचा अभ्यास करायची. माशांच्या झुंडी कशा वळतात ते दाखवायला तिनं तो कोड लिहिला होता, आणि कोणी त्यात शेळ्या घातल्या आहेत हे वाचून तिला हसू आवरत नव्हतं. (‘तरीच,’ धाकटा पुटपुटला, ‘लोक म्हणत होते, शेळ्या पोहल्यासारख्या वळतात.’) झालं गेलं ते तिच्या मनात नव्हतं. वेगळं लायसन्स ती आनंदानं देणार होती, फक्त गेमच्या शेवटी माशांचे आभार मानावेत. मात्र त्या कोडमध्ये आणखी तिघांनी दुरुस्त्या केल्या होत्या, आणि त्यांच्या त्यांच्या ओळींचे मालक ते ते होते. दोघं तिचेच जुने विद्यार्थी. त्यांची लेखी संमती तिनं पत्रासोबतच जोडली होती. तिसऱ्याला ती ओळखत नव्हती. त्यानं फक्त सात ओळी लिहिल्या होत्या आणि नाव दिलं होतं ‘झोपाळू वाघ’.

“सात ओळी!” ताई ओरडली. “सात ओळींसाठी आता या वाघाला कुठे शोधू?”

धाकटा उठून खिडकीपाशी गेला. बाहेर पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

“ताई, तो वाघ… तसा ओळखीतला आहे.”

“कोण आहे?”

“मीच.”

“दोन वर्षांपूर्वी शेळ्या कड्यावरून टपाटप खाली पडत होत्या, आठवतं? तू रडकुंडीला आली होतीस. मी शोधून काढलं कुठे चुकतंय ते, सात ओळी घातल्या, शेळ्या कड्यावर थांबायला लागल्या. मग वाटलं, जगालाही द्यावं. म्हणून तिकडे पाठवल्या.”

ताईनं त्याला मिठीच मारली. सुटलो! वाघ घरातच होता, त्यानं सही करायची आणि संपलं. तिनं कोरा कागद त्याच्यापुढे सरकवलासुद्धा. पण बाबांनी त्या कागदावर हात ठेवला.

“दोन वर्षांपूर्वी तू नोकरीत होतास ना रे?”

“हो. लिफ्ट कंपनीत.”

“या सात ओळी कधी पाठवल्यास?”

तिथे सगळ्याची वेळ नोंदलेली असते. बुधवार, दुपारी सव्वातीन.

“जेवणाची सुट्टी किती वाजता असायची?”

“साडेबारा ते एक,” धाकट्याचा आवाज अगदी बारीक झाला.

“आणि नेमणुकीच्या पत्रात काय होतं? कामाच्या वेळात लिहिलेला कोड कोणाचा?”

धाकट्यानं ते पत्र कधी वाचलेलं नव्हतं. बाबांनी वाचलेलं होतं. मुलाला नोकरी लागली त्या दिवशी पेढ्यांच्या आधी त्यांनी ते पत्र मागून घेतलं होतं.

“कंपनीचा,” बाबा म्हणाले. “कलम अकरा. शेळ्यांनी कड्यावर थांबणं ही त्या लिफ्ट कंपनीची मालमत्ता आहे.”

“बाकीचं काही केलंस का रे तिथे बसून?” ताईनं घाबरत विचारलं.

“नाही गं, आईशप्पथ! बाकी सगळं घरी. तेवढ्या सात ओळीच.”

धाकट्यानं ती नोकरी सोडली तेव्हा शेवटच्या दिवशी साहेबांच्या खोलीत जाऊन मनात साठलेलं सगळं बोलून दाखवलं होतं, अगदी त्यांच्या मिशीपर्यंत. आता शनिवारी भर दुपारी त्याच साहेबांना फोन करायचा होता. ताईनं फोनचा आवाज मोठा ठेवला.

“सर, मी बोलतोय. ओळखलंत का?”

“मिशी अजून आहे,” साहेब म्हणाले. “बोल.”

धाकट्यानं सगळं सांगितलं.

“म्हणजे दुपारी सव्वातीनला, आपल्याकडे सात लिफ्ट बंद पडलेल्या असताना, तू शेळ्या वळत होतास?”

“फक्त सात ओळी, सर.”

“लेखी अर्ज कर. समितीपुढे ठेवू.”

“समिती कधी बसते, सर?”

“मागच्या महिन्यात बसली होती. आता वर्षानं बसेल.”

फोन बंद झाला. त्या सात ओळी काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ताईनं त्या काढल्या आणि गेम सुरू केला. एकवीस शेळ्या रांगेनं कड्यापर्यंत गेल्या आणि रांगेनंच खाली गेल्या. म्हातारी वरून बघत राहिली.

“तूच लिही की नव्या सात ओळी,” धाकटा म्हणाला.

“मी त्या ओळी शंभरदा पाहिल्यात. पुन्हा लिहिल्या तरी हातातून त्याच उतरतील. आणि तुझं तर बोलायलाच नको. ज्यानं त्या कधी पाहिल्याच नाहीत अशा माणसानं सांगायला हवं काय करायचं ते. कोण आहे असं?”

दोघांनी एकदमच बाबांकडे पाहिलं.

बाबांनी कोड म्हणून काय असतं ते जन्मात पाहिलं नव्हतं. शेळ्या कड्यावरून पडतात, पडता कामा नयेत, एवढंच त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, “कोर्टाच्या जिन्यावर पुकाऱ्याच्या वेळी अशीच चेंगराचेंगरी व्हायची,” आणि रविवारी सकाळी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं :

‘कलम १. कड्यापासून दोन पावलांच्या आत आल्यावर शेळीने जागीच थांबावे. कलम २. मागील शेळीने पुढील शेळीस ढकलू नये. कलम ३. ढकलल्यास पुढील शेळीने मागे वळून तिच्याकडे पाहावे. कलम ४. तसे पाहिले असता मागील शेळीने दोन पावले मागे सरावे व तिच्यामागील सर्वांनी तसेच करावे.’

ताईनं कलमवार कोड लिहिला. जेवायच्या सुमारास गेम सुरू केला. शेळ्या कड्याशी आल्या. पहिली थांबली. दुसरीनं तिला ढोसलं. पहिलीनं मान वळवून दुसरीकडे असं काही पाहिलं की दुसरी ओशाळून मागे सरली, तिच्यामागची सरली, आणि एकवीसच्या एकवीस शेळ्या अदबीनं मागे होऊन उभ्या राहिल्या. तीन वर्षांत इतक्या जिवंत त्या कधी वाटल्या नव्हत्या. ताईचे डोळे भरून आले. धाकट्यानं नाक ओढलं. बाबांनी विचारलं, “कलम चार नीट लागू झालं का?”

सोमवारी अकरा वाजता तक्ता गेला. बाबांनी शेवटचा हात फिरवला, लाल पेनाचं टोपण लावलं, आणि ताईनं न पाहताच बटण दाबलं, कारण आता तिला त्या तक्त्याचं तोंडही पाहायचं नव्हतं. ती पलंगावर आडवी झाली. गुरुवारी गेम बाजारात. झालं. सगळं झालं.

चार वाजता वकीलबाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड नव्हता, माणसाचा होता.

“मॅडम, ही एकशे चौदावी नोंद…”

“एकशे तेरा आहेत,” ताई म्हणाली.

“चौदा आहेत. वाचून दाखवते. ‘गेम सुरू होताना आपल्या कंपनीचे चिन्ह झळकते व त्यामागे तीन सेकंद धून वाजते. सदर धुनेचा मालक : अज्ञात. अट : अज्ञात. कागद : आढळला नाही. त्रुटी पूर्ण करा.’”

ताई पलंगावरून उठून बसली. “माफ करा हं. वडील आहेत माझे, त्यांना जरा सवय…”

“आम्ही दिवसभर शोधतोय, मॅडम. कागद नाहीये. फार पूर्वी कोणाच्या तरी मेहुण्यानं वाजवून दिली होती म्हणतात. तो कुठे असतो कोणाला माहीत नाही. आणि ती आमच्या सगळ्या गेममध्ये आहे.” त्या थांबल्या. “सगळ्या गेमचे कागद नव्यानं तपासायचे ठरलंय, म्हणून सगळ्यांच्या तारखा पुढे गेल्यात. तुमचीही. चार महिने तरी.”

शेळ्या कड्यावर थांबल्या होत्या, आणि आता त्यांना तिथेच थांबायचं होतं.

“मॅडम, आहात ना? एक विचारायचं होतं. तुमच्या वडिलांना सकाळी वेळ असतो का? नाही म्हणजे, आमच्याकडे आणखी चाळीस गेम आहेत, आणि असं वाचणारं माणूस आमच्याकडे एकही नाही.”

पुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ताईच्या खुर्चीवर, ताईच्या टेबलापाशी बसले, कारण त्या घरात दुसरा मोकळा कॉम्प्युटर नव्हता. कागदांचे गठ्ठे नीट लावून त्यांनी पहिल्यावर लाल पेन टेकवलं. त्यांच्या चेहऱ्यावर दहा वर्षांपूर्वीचं तेज होतं. ताई चहाचा कप घेऊन आली, तो त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि तशीच घुटमळली.

“बाबा, आमचा गेम कधी घेताय तपासायला?”

बाबांनी यादीवरून बोट फिरवलं. बोट पहिलं पान संपवून दुसऱ्यावर गेलं आणि तळाशी थांबलं.

“एकेचाळिसावा आहे.”

“जरा वर घेता येणार नाही का?”

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं की ताई दोन पावलं मागे सरली.

“रांगेनं येईल,” ते म्हणाले. “इथे ओळख चालत नाही.”